तीन तिगाडा

भाड्यानं जागा मिळवण्यासाठी माणूस जितकं खोटं बोलतो, तितकं तो लग्न जमवताना आणि इन्कम टॅक्सचं विवरण भरताना मिळूनही बोलत नसेल. ‘आम्ही काय, दोघंच आहोत’ असं सांगून राहायला आलेल्या जोडप्याकडे महिन्याभरात सासूबाई, एक पुतण्या आणि गावाकडची भाची मुक्कामाला येतात. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी’ म्हणणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून तिसऱ्या रविवारी सुक्या बोंबलांचा दरवळ जिन्यात उतरतो. कुत्रं नाही म्हणून सांगितलेलं असतं. मग पहाटे पाचला जे भुंकतं ते ‘पाहुण्यांचं’ असतं.

घरमालकही काही हरिश्चंद्राच्या घराण्यातले नसतात. ‘पाणी चोवीस तास’ असं ते सांगतात, पण कुठल्या दिवशी ते सांगत नाहीत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असतं, पण ते घारीला. एकूण काय, दोन्ही पक्ष एकमेकांशी मनसोक्त खोटं बोलतात, अकरा महिन्यांच्या कागदावर सह्या करतात, आणि मग गुण्यागोविंदानं भांडत राहतात.

हा आपला खास मराठी गुण आहे असा माझा बरीच वर्षं समज होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने जाऊन राहिलो आणि अमेरिकेनं आपल्याला इथेही मागे टाकल्याचं लक्षात आलं.

अमेरिकेत मुलीकडे गेलेल्या आईबापांचा दिवस कसा जातो, हे जे गेले आहेत त्यांना सांगायला नको आणि जे गेले नाहीत त्यांना सांगून पटायचं नाही. सकाळी आठला मुलगी-जावई ऑफिसात, नात शाळेत. बाहेर गुडघाभर बर्फ. घरात आम्ही दोघं आणि टीव्ही. त्या टीव्हीच्या रिमोटला इतकी बटणं की त्यातून विमान उडालं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. एकदा भलतंच बटण दाबलं गेलं आणि जुन्या मालिका दिवसभर दाखवणारा एक चॅनल लागला. तो पुढं आम्हाला बदलता आला नाही, म्हणून आम्ही तो आवडीनं पाहायला लागलो. त्यावर रोज दुपारी ‘थ्रीज कंपनी’ नावाची मालिका लागायची.

इंग्रजीत एक म्हण आहे. दोघं असले तर सोबत, तिसरा आला की गर्दी. मालिकेवाल्यांनी ती म्हण उलटी करून तिघांची सोबत जमवली. आपल्याकडे या विषयावरचं मत जास्त स्पष्ट आहे. आपण सरळ म्हणतो, तीन तिगाडा, काम बिघाडा.

गोष्ट अशी. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका गावात जॅनेट आणि क्रिसी नावाच्या दोन मुली एका फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत असतात. जॅनेट फुलांच्या दुकानात कामाला आणि चांगली खमकी. क्रिसी टायपिस्ट, पाद्र्याची मुलगी, दिसायला सुरेख आणि डोक्यानं सुटीवर. त्यांची तिसरी मैत्रीण घर सोडून जाते, तिला निरोपाची पार्टी देतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या टबात एक अनोळखी तरुण झोपलेला सापडतो. हा जॅक ट्रिपर. स्वयंपाकाचं शिक्षण घेणारा विद्यार्थी, राहायला जागा नाही. मुलींना स्वयंपाक येत नाही, भाड्यात तिसरा वाटेकरी हवा असतो. व्यवहार चोख जमतो. प्रश्न एकच उरतो, खाली राहणारे घरमालक मिस्टर रोपर. ते जुन्या वळणाचे. दोन लग्नाच्या मुली आणि एक परपुरुष एका छताखाली? शक्य नाही!

तेव्हा जॅनेट एक थाप मारते. ती सांगते, काळजीचं काही कारण नाही, जॅकला मुलींमध्ये रसच नाही. त्याचा ओढा आहे तो पुरुषांकडे. ऐकून रोपरसाहेबांचा चेहरा वाकडा होतो, पण जीव भांड्यात पडतो. जॅकला जागा मिळते. १५ मार्च १९७७ ला सुरू झालेली ही मालिका १८ सप्टेंबर १९८४ ला संपली, म्हणजे साडेसात वर्षं ही एक थाप त्या घराचं भाडं भरत होती. आपल्याकडच्या कुठल्या थापेला इतकं आयुष्य लाभलंय?

मुळात ही कल्पना इंग्लंडची. तिथं १९७३ ते ७६ या काळात ‘मॅन अबाउट द हाउस’ नावानं ही मालिका झाली होती. तिथंही दोन मुली, एक स्वयंपाकी मुलगा, टब आणि रोपर नवरा-बायको. अमेरिकेनं ती उचलली, तिला कॅलिफोर्नियाचं ऊन दाखवलं आणि जॅकच्या कामाला जॉन रिटर नावाचा नट आणला. हा गृहस्थ ज्या सफाईनं पडतो, त्या सफाईनं बाकीची माणसं चालतही नाहीत. सोफ्यावरून, दारातून, हॅमॉकमधून, मिळेल तिथून तो पडतो. त्याच्या त्या पडण्याला १९८४ साली एमी पुरस्कार मिळाला.

मराठी माणसाला ही मालिका समजायला काही अडचण येत नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूच्या मावशी’वर पोसलेली आपली पिढी, आणि ती मावशीसुद्धा मूळची इंग्रज, १८९२ सालच्या ‘चार्लीज आंट’ची मराठी बहीण. तेव्हा एका थापेला दुसरीचा टेकू, दुसरीला तिसरीचा, हे आपल्याला घरचंच. ‘थ्रीज कंपनी’चा दुसरा आधार म्हणजे स्वयंपाकघराचं दार. त्या दाराच्या एका बाजूला कुणीतरी काहीतरी निरुपद्रवी बोलत असतं आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी त्यातलं अर्धंच ऐकत असतं. पडदा लावताना झालेलं बोलणं बाहेर भलतंच ऐकू येतं, आणि मग अर्धा तास धावपळ. आमच्या हिला या मालिकेचं इंग्रजी माझ्यापेक्षा लवकर कळायला लागलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, “अहो, त्यांना सगळ्यांना अर्धंच ऐकू येतं. मलाही तेवढंच येतं.”

हिला सगळ्यांत आवडल्या त्या मिसेस रोपर. रंगीबेरंगी झगे घालणाऱ्या, नवऱ्याच्या कंजूषपणाला आणि थंडपणाला कंटाळलेल्या, आणि सदैव भाडेकरूंच्या बाजूच्या. जॅकचं खरं काय ते त्यांना अगदी सुरुवातीलाच कळलेलं असतं. पण नवऱ्याला त्या कळू देत नाहीत. रोपर जॅकची टिंगल करायला बोटं नाचवतात, कॅमेऱ्याकडे बघून मिस्कील हसतात, आणि मागे बाईसाहेब मनात म्हणत असतात की या घरात मूर्ख एकच आहे आणि तो वरच्या मजल्यावर राहत नाही.

“असे पुष्कळ आहेत,” ही म्हणाली. कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही.

आता, दुपारची तीनची वेळ आणि बाहेर बर्फ असलं की निवृत्त माणूस विचार करायला लागतो. मला वाटलं, ही थाप मोठी विलक्षण आहे. दोन मुलींबरोबर एक मुलगा राहतो म्हटल्यावर त्या घरमालकाला वाईट दिसतं. पण त्या मुलाला मुली आवडत नाहीत म्हटल्यावर त्याच मालकाची हरकत संपते. म्हणजे ज्या माणसांची जन्मभर टिंगल केली, त्यांचंच सर्टिफिकेट दाखवून सभ्यपणाचा शिक्का मिळवायचा. आणि गंमत अशी की ज्यांच्या नावावर ही साडेसात वर्षं चालली, त्यांच्यातला एकही त्या घरच्या मुख्य पात्रांत नाही. त्यांचं नाव वापरलं, भाडं दुसऱ्यानं वाचवलं.

मी हे जावयाला बोललो. जावई अमेरिकेचा अभ्यास असलेला आहे. तो म्हणाला, “बाबा, ती मालिका सुरू झाली त्याच वर्षी जूनमध्ये फ्लॉरिडात मायामीच्या डेड काउंटीत मतदान झालं होतं. समलिंगी म्हणून कुणाला नोकरी किंवा जागा नाकारू नये असा तिथं नियम झाला होता; लोकांनी मोठ्या बहुमतानं तो रद्द केला.”

म्हणजे पाहा. मार्चमध्ये टीव्हीवर ‘मी तसा आहे’ अशी थाप मारल्यानं एकाला जागा मिळाली, आणि जूनमध्ये ‘मी तसा आहे’ हे खरं सांगितल्यानं जागा जाण्याची सोय झाली. पहिल्या गोष्टीवर सगळा देश हसत होता. दुसरीवर कोण हसणार?

तशी ही मालिका पुढारलेली म्हणून गाजली. काही लोकांना तर ती फारच पुढारलेली वाटली. पण पुढारलेल्या माणसांचा पाय कुठंतरी मागं अडकतोच. क्रिसीचं काम करणाऱ्या सुझान सोमर्स या नटीनं १९८० साली मागणी केली, की मला दर भागाचे ३० हजार डॉलर मिळतात ते दीड लाख करा. जॉन रिटरला मिळतात तेवढे. घरात भाड्याचे तीन सारखे हिस्से करणाऱ्या मालिकेला पगाराचे सारखे हिस्से जमेनात. मग क्रिसीला आजारी आईकडे पाठवण्यात आलं, आणि काही भाग ती शेवटी मिनिटभर फोनवर बोलताना तेवढी दिसायची. ते चित्रीकरणही वेगळं; बाकीच्यांची गाठ पडू दिली नाही. नंतर तीही गेली. आमच्या बँकेत एका क्लार्क बाईंनी ओव्हरटाइमची चौकशी केल्यावर त्यांचं टेबल रेकॉर्ड रूमच्या दाराशी नेलं होतं, त्याची मला आठवण झाली. फोन मात्र बाईंना दिला नव्हता.

शेवट तर आणखी मजेचा. जॅनेटचं लग्न होतं. क्रिसीच्या जागी आलेली दुसरी मुलगी, टेरी नावाची नर्स, हवाईला जाते. आणि जॅक? साडेसात वर्षं दोन दोन मुलींबरोबर राहून ज्याच्या हातून काही वावगं घडलं नाही, तो शेवटी व्हिकी नावाच्या हवाईसुंदरीच्या प्रेमात पडतो. तो लग्नाला तयार, पण तिच्या आईबापांचा घटस्फोट झालेला असल्यामुळे तिला लग्नाचं भय. मग दोघं लग्नावाचून एकत्र राहतात. पुढची मालिका यावरच निघाली, ‘थ्रीज अ क्राउड’. त्यात तिसरा कोण? तर मुलीचा बाप. तो ती इमारतच विकत घेतो आणि जॅकचा घरमालक होतो! १९७७ साली खालच्या मजल्यावर ज्या गोष्टीची धास्ती होती, ती १९८४ साली वरच्या मजल्यावर राजरोस सुरू झाली, आणि मालक भाडं घेत राहिला. समाज बदलतो तो असा. आधी मालक ‘नाही’ म्हणतो, मग ‘बघू’ म्हणतो, मग डिपॉझिट किती ते सांगतो.

आता हे सगळं मी इतक्या तपशिलानं सांगतोय, कारण २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला परत आलो आणि महिन्याभरात मी स्वतः मिस्टर रोपर झालो.

त्याचं असं झालं. आमच्याच इमारतीत दोन मजले खाली आईसाठी घेतलेला फ्लॅट आहे. आई गेल्यावर तो रिकामा होता. एजंट तीन जणांना घेऊन आला. एक उंच मुलगी, एक चष्मेवाली मुलगी आणि एक मुलगा. तिघंही एकाच कंपनीत, सव्वीस-सत्तावीसच्या घरातली. एक सोलापूरची, एक नागपूरची, मुलगा रत्नागिरीकडचा. तिघांना हाका मारायच्या तर तिघांची मराठी तीन तऱ्हेची. बोलायला चुणचुणीत. मुलाला मी सहज विचारलं, “स्वयंपाक येतो का रे?” तो म्हणाला, “काका, मला चहासुद्धा येत नाही.” तेव्हा मालिकेशी असलेलं साम्य इथंच संपलं असं मी धरून चाललो.

अडचण मालकाची नव्हती, कमिटीची होती. आमच्या सोसायटीचा एक फॉर्म आहे. त्यात एक रकाना आहे, ‘मुख्य भाडेकरूशी नाते’. आणि एक अलिखित नियम आहे, ‘फक्त फॅमिली’. एजंट या सगळ्यात मुरलेला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, मुलगा मावसभाऊ लिहून टाकू. मावसभाऊ चालतो. चुलतभावाचं आडनाव बघतात, मावसभावाचं कोण बघतं?”

मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. अमेरिकेला जी थाप साडेसात वर्षं पुरली, तिचं मराठी भाषांतर त्यानं एका शब्दात केलं होतं.

आणि परंपरा तरी काय कमी? १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आठवा. घरमालकीणबाईंना फक्त जोडपी हवीत, म्हणून चार मित्रांतले दोघं लुगडं नेसून बायका होतात. तीही उसनवारी, हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ चा. म्हणजे खोली मिळावी म्हणून आपल्याकडे पुरुष बाई झाला, तिकडे वेगळंच काही झाला. आहे तसा राहून खोली मागितली, असं फारसं कुणाला सुचलेलं दिसत नाही.

ते त्या उंच मुलीला सुचलं. एजंटची सूचना ऐकून ती म्हणाली, “काका, मला मावशीच नाही. उद्या तुमच्या कमिटीनं मावशीला बोलवा म्हटलं, तर मी आणू कुठून?” आणि तिनं रकान्यात ‘मित्र’ असं लिहून दिलं.

सेक्रेटरींनी फॉर्म परत आणला. “हे नातं यादीत नाही,” ते म्हणाले. विषय रविवारच्या मीटिंगमध्ये गेला. गच्चीची गळती, टाकीची सफाई आणि ‘आयत्या वेळचे विषय’.

मीटिंगच्या आदल्या रात्री साडेआठला बेल वाजली. दारात तो मुलगा, एकटाच. आत येऊन बसला, पाणी प्यायला. जरा वेळानं म्हणाला, “काका, कमिटीला कसली भीती वाटतेय ते मला कळतं. माझ्या बाबतीत ती बाळगायचं कारण नाही. मला मुलींमध्ये तसा रस नाही. या दोघींना ते माहीत आहे. घरी माहीत नाही.”

हे वाक्य मी सहा महिने रोज दुपारी ऐकत आलो होतो. ते आलं की मागून हशा येतो. इतका नेमानं येतो की माझे कान नकळत त्याची वाट बघत राहिले. पण हशा आला नाही. समोरचा मुलगा पाण्याचं रिकामं भांडं दोन्ही हातांत धरून बसला होता आणि ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या खेपेला तिनं सगळं पूर्ण ऐकलं होतं. ती पुढं आली, त्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हणाली, “जेवलास का?”

तो जेवला नव्हता. ताटं वाढली. जेवता जेवता त्यानं विचारलं, “काका, उद्या हे कमिटीला सांगितलं तर जागा मिळेल?”

मी मनातल्या मनात हिशोब केला. आमच्या कमिटीत मावसभाऊ एकमतानं पास झाला असता. हे खरं सांगितलं असतं तर सुप्रीम कोर्टाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल झालेला असूनसुद्धा सभा तहकूब झाली असती, आणि सोमवारी सकाळपर्यंत ते दूधवाल्यालाही माहीत झालं असतं. मालिकेत जी थाप मारून जागा मिळत होती, तेच इथं खरं होतं आणि ते सांगितलं तर जागा जाणार होती.

मी म्हटलं, “हे बघ, तुला कधी कुणाला सांगावंसं वाटलं तर अवश्य सांग. पण जागेसाठी सांगू नकोस. जागेचं भाडं आम्ही पैशात घेतो.”

“आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं,” ही म्हणाली. “ते मात्र यांच्याकडून सुटायचं नाही.” तो पहिल्यांदा हसला.

मीटिंग रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये भरली. गळतीवर पाऊण तास गेला. मग आमचा विषय निघाला. आमचे अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ‘पायंडा’ हा त्यांचा आवडता शब्द. ते म्हणाले, “आज यांना दिलं की पायंडा पडेल. इमारतीत लहान मुलं आहेत. दोन मुली, एक मुलगा, हे दिसायला बरं दिसत नाही.”

मी काही मुद्देसूद बोलण्याच्या तयारीनं उठत होतो, तेवढ्यात ही उठली. हिनं अमेरिकेहून आणलेला मोठ्या फुलांचा झगावजा ड्रेस घातला होता. मला एकदम मिसेस रोपर दिसल्या आणि मी पुन्हा बसलो.

“साहेब,” ही म्हणाली, “२०१५ साली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ लागायची, ती तुम्ही बघत होतात ना?”

“हो. चांगली होती,” अध्यक्ष म्हणाले.

“चांगली म्हणजे? त्या वेळात तुमच्याकडे कुणी आलं तर तुम्ही दार उघडत नव्हतात. त्यात तीन मुलगे आणि तीन मुली मुंबईत एका फ्लॅटमध्ये राहत होती. त्या घराला ‘माजघर’ म्हणायचे. वर्षभर तुम्ही त्यांच्यासाठी हळहळलात, हसलात. त्यांचं नातं कुठल्या रकान्यात लिहिलं होतं?”

“वहिनी, ती मालिका होती.”

“तेच म्हणते मी. टीव्हीवर चालतं ते जिन्यात चालत नाही, असं का? आणि फॅमिलीचं म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावरची ती फॅमिली. सहकुटुंब, सहपरिवार. चार महिन्यांचा मेंटेनन्स बुडवून पहाटे टेम्पो लावून गेली. तेव्हा दिसायला फार छान दिसत होतं.”

पार्किंगमध्ये शांतता पसरली. मेंटेनन्सचा उल्लेख झाला की आमच्या सोसायटीत तत्त्वज्ञान मागे पडतं. खजिनदारांनी घाईघाईनं सूचना मांडली की तीन महिने बघू. ठराव पास झाला. रकान्यात ‘मित्र’ तसंच राहिलं. फक्त सेक्रेटरींनी बाजूला पेन्सिलीनं ‘तात्पुरते’ असं लिहिलं. मित्र तात्पुरते की जागा, ते त्यांनाच ठाऊक.

मग तिघं राहायला आली, आणि त्या घरात काय चालतं याची सगळ्या इमारतीला जी उत्सुकता होती ती पुढच्या काही महिन्यांत रीतसर शमली. त्या घरात भांडणं चालायची. गीझर चालू कुणी ठेवला, दुधाची पिशवी कुणी संपवली, लाइटचं बिल तीन भागांत करायचं की एसी वापरणाऱ्यानं जास्त द्यायचं. फ्रिजमध्ये तीन कप्प्यांवर तिघांच्या नावाच्या पट्ट्या लावल्या होत्या. मी सीमातंट्याचा लवाद होतो. एकदा अर्ध्या लिंबाच्या मालकीवरून मला रात्री दहाला बोलावलं होतं.

एकदा संध्याकाळी अध्यक्ष वर आले ते चेहरा पाडूनच. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या खिडकीसमोर येते. हलक्या आवाजात म्हणाले, “मी मुद्दाम ऐकलं नाही, पण कानावर आलं. एक मुलगी ओरडत होती, ‘दोन महिने तू मला नुसतं झुलवतोयस, आता मी तिसऱ्याला विचारते!’”

हिच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मला न्यू जर्सीनंतर प्रथमच दिसत होता. आम्ही खाली गेलो. चौकशी केली. मुलगा दोन महिने प्लंबरला आणतो, आणतो म्हणत होता. आधीचे दोन प्लंबर आलेच नव्हते, म्हणून ती आता तिसऱ्याला विचारणार होती. प्रकरण न्हाणीघरातल्या नळाचं होतं. टबात कुणी झोपलेलं नव्हतं, कारण टबच नाही.

अध्यक्षांनी स्वतः त्यांचा प्लंबर पाठवला. तीन महिने होऊन गेले, वर्ष झालं, करार नवा झाला, पुन्हा नवा झाला. तिसऱ्या वेळी मी फॉर्म बघितला. ‘मुख्य भाडेकरूशी नाते’ या रकान्यात सेक्रेटरींनी तिघांच्याही पुढं ‘वरीलप्रमाणे’ असं लिहिलं होतं. वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

२०२२ साली एकीचं लग्न ठरलं, दुसरी हैदराबादला गेली आणि मुलाला बंगलोरला नोकरी लागली. हे लिहू का म्हणून मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “लिहा काका, पण दोन अटी. नाव घालायचं नाही, आणि मला चहा येत नाही हे लिहायचं नाही.” त्यातली पहिली अट मी पाळली आहे.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो सगळ्यांचा निरोप घेत फिरला. अध्यक्षांकडे अर्धा तास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तेव्हा अध्यक्ष गेटपाशी भेटले. आम्ही बागेपर्यंत गेलो तरी ते गप्पच. मग एकदम म्हणाले, “त्यानं मला सगळं सांगितलं. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं म्हणे.”

“हो,” मी म्हटलं.

“घरीसुद्धा सांगितलंय त्यानं आता.” पुन्हा थोडं चालणं झालं. “मला काय बोलावं सुचेना हो. इतकी वर्षं नोकरी केली, पण अशा वेळी काय बोलायचं ते कुणी शिकवलं नाही. शेवटी मी त्याला विचारलं, डिपॉझिट परत मिळालं का.”

“मग?”

“मिळालं म्हणाला. रंगाचे पैसे कापून.”